नेफा आधी, बाजू नंतर

ताई, मी इंदिरानगरला राहते. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतल्या सात मुलांना घेऊन नाडीच्या कापडी पिशव्या करायचं ठरवलं. सगळ्यांत धाकटी मुलगी पाच वर्षांची, सगळ्यांत मोठी अकराची. व्हिडिओ बघून मी आदल्या रात्रीच कापड कापून ठेवलं, बूट मावतील एवढ्या पिशव्यांचं. मशीनला तेलही घातलं. पहिल्या दिवशी घर भरलं होतं. दुसऱ्या दिवशी तीन मुलं आली. तिसऱ्या दिवशी एकच उरला, माझा सात वर्षांचा मुलगा. शेवटी रात्री बसून सातही पिशव्या मीच पुऱ्या केल्या. नाडी ओवताना ती आतल्या शिलाईला अडकून बसायची आणि दोन पिशव्यांचे कोपरे आठवड्याभरात उसवले. मुलांनी पिशव्या नेल्या, पण पुन्हा कुणाच्या हातात दिसल्या नाहीत. माझ्या मुलाला मात्र शिवायची मनापासून आवड आहे. त्यावर सासरे म्हणतात, “पोराच्या हातात सुईदोरा कशाला देतेस?” ते माळकरी आहेत, दर पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जातात. मनाने फार मऊ आहेत, त्यांना दुखवायचंही नाही. मे महिन्यात पुन्हा एकदा करून बघावं असं वाटतं. माझं काय चुकलं?

— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘शेवटी रात्री बसून सातही पिशव्या मीच पुऱ्या केल्या.’ त्या रात्री तुम्ही किती दमला असाल, ते मला दिसतं आहे. आणि मुलांनी त्या पिशव्या का वापरल्या नाहीत, याचं उत्तरही त्याच ओळीत आहे. सकाळी हातात आलेली पिशवी त्यांना ओळखूच आली नसणार.

मी पाचवीत असताना शिवणाच्या तासाला आम्ही अशीच पिशवी केली होती. निळं पॉपलीन, पांढरा दोरा. माझे टाके कुठे तांदळाएवढे, कुठे वालाएवढे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाईंनी माझी एक बाजू उसवली आणि मशीनवर सरळ टीप मारून दिली. पोरीची पिशवी चांगली दिसावी एवढंच त्यांच्या मनात होतं. प्रदर्शनात ती टेबलावर मांडली होती, खाली माझं नाव होतं. पण मी आईला त्या टेबलापाशी नेलं नाही. उसवलेल्या दोऱ्याचा तुकडा मात्र कितीतरी दिवस माझ्या कंपासपेटीत होता. पुढे पंचवटीत घरी मुलांना शिवण शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या दिवशी स्वतःला एकच नियम घालून घेतला: मुलाच्या कापडाला आपली सुई लावायची नाही. तो आजवर पाळत आले आहे आणि तुम्हीही पाळावा असं अगदी कळकळीने सांगते.

हा नियम पाळायचा तर पिशवी मुलाच्या आवाक्यातली हवी. बूट मावतील एवढी पिशवी हाताने शिवायची म्हणजे सात वर्षांच्या मुलाला डोंगर. म्हणून तुम्ही मशीन घेतलं असणार, ते समजतं. पण सात मुलं आणि एक मशीन म्हटलं की एक जण शिवतो आणि सहा जण रांगेत उभी राहतात. हात रिकामे राहिले की मुलं घरी जातात. त्यांचं काही चुकत नाही. तेव्हा मे महिन्यात मशीनवर झाकण घाला. अकरा वर्षांच्या मुलीला मशीन शिकायचंच असेल तर तिला वेगळ्या दिवशी, एकटीला, तुम्ही शेजारी बसून शिकवा.

माझं माप असं आहे: ८ इंच रुंद आणि २० इंच लांब असा एकच तुकडा. तो मधे दुमडायचा, म्हणजे तळाला घडी येते आणि तिथे शिवावंच लागत नाही. शिवून पिशवी होते साधारण ७ इंच रुंद आणि पावणेनऊ इंच उंच. एवढ्या पिशवीलासुद्धा सगळे टाके एकापुढे एक धरले तर जवळजवळ चार फूट शिवण होते. म्हणून तीन सकाळी ठेवा, दर वेळी पाऊण तास. पहिल्या दिवशी कापड आणि नेफा, म्हणजे नाडी ओवायची तोंडाची दुमड, दुसऱ्या दिवशी बाजू, तिसऱ्या दिवशी नाडी. पाऊण तास झाला की कुणी कितीही रंगात आलेलं असो, थांबवा. उद्या यायची ओढ त्यातूनच राहते.

आणि कापड हातात द्यायच्या आधी प्रत्येकाला विचारा, तुझ्या पिशवीत काय राहणार? सागरगोटे, गोट्या, बुद्धिबळातली सोंगट्यांची फौज, भातुकली, काहीही. आपल्या आज्यांच्या बटव्याला जे कप्पे असायचे ते सुपारी, लवंग, चुन्याची डबी यांच्या मापानेच पडलेले होते. आधी वस्तू, मग पिशवी. ज्याला काय ठेवायचं ते ठाऊक असतं, तो दुसऱ्या दिवशी येतोच, कारण त्याच्या गोट्या घरी वाट बघत असतात.

आता कापड. मांजरपाट घ्या, म्हणजे साधं सुती कापड, कोरं, पिवळसर, किंचित खरखरीत. मेनरोडला किंवा शालिमारच्या बाजूला कापडाच्या जुन्या दुकानात नुसतं नाव सांगितलंत की पुरे. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंचांचा असेल तर ८ इंचांचे चार तुकडे आडवे बसतात. म्हणजे आठ पिशव्यांना ४० इंच लांबी लागते, मीटरहून जराशीच जास्त. कापड आटतं ते धरून सव्वा मीटर घ्या. सात मुलांच्या सात आणि आठवी तुमची. ती का, ते पुढे सांगते. मांजरपाटात खळ असते, म्हणून शिवायच्या आधी भिजवून धुतलाच पाहिजे. न धुता शिवला तर पहिल्या धुण्यात कापड आखडतं, दोरा तेवढा आखडत नाही आणि सगळ्या शिलाईला चुण्या पडतात.

घरात जुनी सुती चादर असेल तर ती आणखी चांगली, कारण ती आधीच आटून मऊ झालेली असते. फक्त उजेडाला धरून बघा. विरलेली जागा चाळणीसारखी दिसते. ती सोडून भोवतालचं कापड घ्या. आईच्या जुन्या सुती साडीचं कापड मायेचं खरं, पण बहुतेक वेळा ते गोधडीच्या पोटात जायच्या लायकीचं झालेलं असतं, सागरगोट्यांचं वजन त्याला पेलत नाही. येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे कुणी ना कुणी हौसेने पैठणीच्या काठाचा तुकडा आणून देतं. तो मोठ्या मुलीला बाहेरून पट्टीसारखा टाचायला द्या, लहानांना नको. रेशीम, साटीन, जॉर्जेट लहान बोटांतून निसटतं आणि मुलाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. आणि एक सावधगिरी. राज्यात २०१८ च्या मार्चमध्ये प्लास्टिकबंदीचा आदेश निघाला, तेव्हापासून दुकानांतून मिळालेल्या कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या घरोघरी साठल्या आहेत. त्या उसवून वापरायचा मोह होतो. ते न विणलेलं कापड म्हणजे प्लास्टिकचेच तंतू, गरम इस्त्री टेकली की वितळतं आणि टाक्याशी फाटत जातं.

धुतलेलं कापड आधी कापून ठेवू नका. तुमच्या मुलांचा पहिला आनंद त्या रात्री तुमच्या कात्रीने नेला. काठापासून ८ इंचांवर खूण करायची, कात्रीने बोटभर छेद द्यायचा, छेदाच्या दोन्ही अंगांना एकेक मूल उभं करायचं आणि सांगायचं, ओढा! टर्रर्र करत कापड दोन फाळ होतं. मुलं आधी दचकतात, मग पुढच्या तुकड्यासाठी भांडतात. साधं सुती कापड धाग्याला धरून फाटतं, त्यामुळे खडूने आखून कापलेल्यापेक्षा सरळ येतं. ते सरळ येणं महत्त्वाचं आहे. तिरपं कापलेल्या कापडाची पिशवी शिवून झाल्यावर एका अंगाला पिळते आणि मग कितीही इस्त्री करा, सरळ बसत नाही. फाटलेल्या कडेचे चार-दोन धागे मुलांना ओढून काढू द्या. उभा धागा कोणता, आडवा कोणता, हे तिथेच बोटांना कळतं. मालेगावच्या यंत्रमागांवर असंच कोरं कापड विणून निघतं, हेही तेव्हाच सांगा, हातात धागा असताना.

मग प्रत्येक तुकड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने एक फुली. मांजरपाटाला उलट-सुलट दिसत नाही, त्यामुळे फुली नसेल तर मुलं नक्की गोंधळतात. भेंडीचे किंवा बटाट्याचे ठसे मारायचे असतील तर ते आत्ता, कापड सपाट असताना, फुली नसलेल्या बाजूला.

आता तुमच्या अडकलेल्या नाडीकडे येते. बहुतेक व्हिडिओंत आधी बाजू वरपर्यंत शिवतात आणि मग तोंड दुमडून नेफा करतात. तसं केलं की बाजूच्या शिलाईचे पदर नेफ्याच्या आत येतात आणि सेफ्टी पिन बरोबर तिथे जाऊन धडकते. त्यातून नेफा अर्ध्या इंचाचा असेल तर मुलाच्या बोटांना आतली पिन पकडून पुढे सरकवताच येत नाही. शिवाय पिशवीचं गोल तोंड धरून शिवणं मोठ्यांनाही अवघड, मुलं तर दोन्ही पदर एकातच शिवून तोंड बंद करून टाकतात. म्हणून क्रम उलटा करा. कापड पाटावर सपाट पडलेलं असतानाच नेफा करून टाका. बाजू नंतर.

चारही कोपऱ्यांना लांब बाजूची कड अर्धा इंच आत, म्हणजे फुलीच्या बाजूला, दुमडायची. सगळी कड नको, टोकापासून तीन इंच पुरे. चार-पाच टाक्यांनी ती बसवून टाकायची. नेफ्याची तोंडं पुढे इथेच उघडणार आहेत, नाडी सारखी इथेच घासणार, म्हणून तिथे सुटे धागे नकोत. मग आखूड बाजू घ्यायची, तिला आधी पाव इंच दुमडायचं आणि मग पूर्ण एक इंच. नखाने दाबत जायचं, सुती कापडावर नखाची घडी छान बसते. त्या दुमडीच्या खालच्या कडेने साधा धावदोरा, सुई खाली-वर करत सरळ पुढे जायचं. दुसऱ्या टोकालाही तसंच. इथे एकदाच घातलेला धावदोरा पुरतो, कारण नेफ्याच्या या शिवणीला वस्तूचं वजन झेलायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी कापड मधोमध घडी घालायचं, फुली बाहेर, नेफ्यावर नेफा. बाजूची शिवण नेफ्याच्या टिपेच्या लगेच खालून सुरू करायची आणि अर्धा इंच आतून तळापर्यंत न्यायची. नेफ्यावरून दोरा जाऊ द्यायचा नाही. हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्या, कारण सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. झालीच तर तेवढे टाके मुलानेच उसवायचे.

तुमचे कोपरे उसवले त्याचं कारण बहुधा असं: मशीनवर टिपेच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडं मागे येऊन पुन्हा टीप मारली नाही की दोरा टोकाकडून सुटत येतो. हातशिवणीतही ओढ बसते ती दोन जागी, नेफ्याखाली जिथे बाजू सुरू होते तिथे आणि तळाच्या कोपऱ्यात. दोन्हीकडे त्याच जागी तीन टाके घालून मगच पुढे जायचं.

मधल्या शिवणीला उलटी टीप, म्हणजे दर टाक्याला थोडं मागे येऊन पुढे जायचं, ती सगळ्यांत मजबूत, पण लहान मुलांना ती लगेच उमगत नाही. मागे जायचं की पुढे, यातच ती रडकुंडीला येतात. मी त्यांना जाऊन-येऊन शिवायला सांगते. लाल दोऱ्याने धावदोरा घालत तळापर्यंत जायचं, गाठ मारायची. मग निळा दोरा घेऊन त्याच वाटेने परत यायचं, लाल टाक्यांमधल्या रिकाम्या जागा भरत. परत येताना नवीन भोकंही पाडावी लागत नाहीत, जुन्याच भोकांतून सुई जाते. शेवटी लाल-निळी सलग ओळ दिसते, दोन्ही बाजूंनी सारखी, आणि मजबुतीलाही ती उलट्या टिपेच्या जवळ जाते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मात्र उलटी टीप शिकवाच. त्यांना त्यात मोठं झाल्यासारखं वाटतं.

सुई गोधडीची घ्या, मोठ्या नेढ्याची. दोरा भरतकामाचा. त्याच्या लडीत सहा पदर असतात, त्यांतले तीन वेगळे काढायचे. लांबी मुलाच्या खांद्यापासून बोटांपर्यंत, त्याहून एक वीतही जास्त नको. दोरा लांब घेतला की गुंता होतो आणि शिवण्याचा वेळ गुंता सोडवण्यात जातो. सुई ओवून मागायला मुलं रांग लावतील, तेव्हा त्यांना एक युक्ती शिकवा. दोऱ्याचं टोक तिरपं कापायचं, चिमटीत असं धरायचं की फक्त टोकाचा ठिपका दिसेल, आणि दोरा सुईकडे न्यायच्या ऐवजी सुईचं नेढं त्या ठिपक्यावर आणून टेकवायचं. मागच्या वर्षी माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा होता. पहिले दोन दिवस तो फक्त सुया ओवत होता, स्वतःची, शेजारच्याची, सगळ्यांची. तिसऱ्या दिवशी त्याने शिवायला घेतलं आणि त्याचे टाके सगळ्यांत बारीक होते.

सुया मोजून द्या आणि मोजून घ्या. एका मुलाला मोजणीदार नेमा. डबीत आकडा भरल्याशिवाय कुणी उठायचं नाही, अगदी खाली आइस्क्रीमवाला आला तरी. जमिनीवर पांढरी चादर अंथरा, पडलेली सुई लगेच दिसते. आणि प्रत्येकाच्या मांडीवर पाटी किंवा जाड पुठ्ठा हवा. आठ वर्षांची एक मुलगी मांडीवर कापड घेऊन तल्लीन होऊन शिवत होती. उठली, तर पिशवी फ्रॉकला शिवलेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला बोथट टोकाची कात्री दिली आणि शेजारी बसून राहिले. तिने ओठ आवळून एकेक टाका कापला, फ्रॉक सोडवला, पुन्हा दोरा ओवला. ती पिशवी ती अजून वापरते, तिच्या एका बाजूला जुन्या भोकांची ओळ आहे आणि ती कुठून आली ते ती सगळ्यांना सांगते.

अशा वेळी आपले हात शिवशिवतात. म्हणूनच तुमची आठवी पिशवी. मुलांबरोबर तुम्हीही पहिल्या छेदापासून स्वतःची शिवा. कुणी म्हणालं, “काकू, एवढं करून द्या ना,” तर त्याला जवळ बसवा आणि तुमच्या कापडावर तोच टाका सावकाश घालून दाखवा. दोनदा, तीनदा. त्याच्या कापडाला हात लावू नका. वाकडा टाका वाकडाच राहू द्या. तपासायचं ते एकच: दोन टाक्यांमधून तुमची करंगळी आत जाते का? जात असेल तर म्हणा, इथून गोटी पळेल बघ. मूल स्वतःच परत सुई घेईल. पळणारी गोटी त्याला पटते, वाकडी ओळ पटत नाही.

दोन्ही बाजू झाल्या की पिशवी सुलटी करायची. पेन्सिलच्या मागच्या टोकाने कोपरे बाहेर ढकलायचे. फुली आत जाते, धागे आत जातात, आणि इतका वेळ ज्याला चिंधी म्हणत होतो त्याची एकदम पिशवी होते. या क्षणी घाई करू नका. मुलांना ती दोन-तीनदा उलटसुलट करून बघायची असते.

नाडी विकत आणू नका. बाजारची पॉलिस्टरची नाडी गुळगुळीत असते, तिची गाठ सुटते आणि टोकं विसकटतात. ती मुलांनीच वळायची. सुती जाड दोऱ्याचे चार पदर घ्यायचे, साडेपाच फूट लांब. दोन मुलांनी दोन टोकं धरून समोरासमोर उभं राहायचं आणि आपापल्या उजव्या हाताला पीळ देत राहायचं. पीळ इतका व्हायला हवा की दोरा जरा सैल सोडला तर आपोआप वेटोळं घालेल. मग तिसऱ्याने मधोमध बोट ठेवायचं, दोन्ही टोकं एकत्र आणायची आणि बोट काढायचं. दोरा सर्रकन स्वतःभोवती वळतो. पिळलेल्या दोऱ्याला सुटायचं असतं. घडी घातली की त्याचे दोन अर्धे सुटण्याच्या धडपडीत एकमेकांभोवती गुंडाळले जातात आणि तिथेच एकमेकांना धरून ठेवतात. सुतळी, बैलाचा कासरा, विहिरीचा दोर, सगळे याच रीतीने वळलेले. साडेपाच फुटांची होते दोन फुटांची नाडी, आणि एका पिशवीला अशा दोन लागतात.

पहिली नाडी उजव्या तोंडातून पुढच्या नेफ्यात शिरते, डावीकडे बाहेर येऊन मागच्या नेफ्यात जाते आणि उजवीकडेच परत निघते. दुसरी तशीच डावीकडून सुरू होऊन डावीकडे संपते. टोकांना गाठी, हवं तर गोंडे. दोन्हीकडून ओढलं की तोंड आवळतं. सेफ्टी पिन घातल्यावर तिच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा, म्हणजे ती नेफ्याच्या आत उघडत नाही. पाच वर्षांच्या मुलीला हे ओवण्याचं काम द्या, तिची बोटं त्यासाठीच बनलेली आहेत. तिला स्वतःचीही पिशवी हवीच असणार. जाडसर कापडावर जेवणाचं ताट ठेवून गोल आखा, कापा, कडेला फेव्हिकॉलचं बोट फिरवून वाळू द्या, आणि कडेपासून इंचभर आत बोटा-बोटाच्या अंतराने भोकं पाडून द्या. ती नाडी आत-बाहेर ओवते, ओढते, पुरचुंडी तयार. एकही टाका नाही आणि सगळी तिची.

नाडी गळ्यात घालून कुणी खेळायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठामपणे सांगा. घसरगुंडीवर ती अडकली तर गळ्याला फास बसतो.

आता तुमचे सासरे. त्यांच्याशी वाद घालू नका. मेनरोडवरचे किती शिंपी पुरुष आहेत हेही त्यांना मोजून दाखवू नका. त्यांच्याकडे तुमच्या मुलाला पाठवा, एक प्रश्न घेऊन: “आजोबा, नामदेव महाराज शिंपी होते ना? मग ते काय काय शिवायचे?” माळकरी माणूस या प्रश्नावर गप्प राहू शकत नाही. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, हाताचं काम आणि मुखी नाम यांच्या गोष्टी ते तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी रसाळ सांगतील, आणि सांगता सांगता नातवाच्या हातातली सुई त्यांना निराळी दिसायला लागेल.

मुलाने अजून काय ठेवायचं ते ठरवलं नसेल, तर त्याला विचारून बघा, आजोबांच्या टाळांना पिशवी करशील का? यात्रेला निघताना ते टाळ बहुतेक पंच्यात गुंडाळलेले असतात. मुलाने दोरा घेऊन टाळांचं माप घ्यावं, जोडी एकावर एक ठेवून. हे माप बहुतेक बसेल, नाही बसलं तर तुकडा इंचभर रुंद फाडायचा. पितळ जड असतं, तळाशी घासून घासून कापड विरेल, म्हणून २० इंचांच्या बरोबर मधे, आतून, कापडाच्या पूर्ण रुंदीचं, ६ इंच लांब ठिगळ सगळ्यांत आधी लावून घ्या. बाजू शिवताना ठिगळाच्या कडा शिवणीत येतात आणि कोपरे दुप्पट बळकट होतात. आणि त्याची नाडी वळायला समोरचं टोक धरायला माणूस लागतोच. ते टोक आजोबांच्या हातात द्या. त्यांनी लहानपणी दोर वळलेला असेल तर पीळ किती हवा ते तेच सांगतील.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. या पिशव्याही कधीतरी उसवतील. नाडीचं टोक आत गडप होईल, एखादा लाल टाका सुटेल. मूल तुमच्याकडे धावत येईल तेव्हा पिशवी हातात घेऊ नका, सुयांची डबी पुढे करा.

मेच्या पहिल्या शनिवारी रात्री मांजरपाट बादलीत भिजत घाला. सकाळपर्यंत खळ सुटून पाणी गढूळ होईल, ते मुलांना बघू द्या. चोळून धुवा, गच्चीवर वाळत घाला. मे महिन्यातलं आपल्या नाशिकचं ऊन, तासाभरात वाळेल. किंचित दमट असतानाच काढून हाताने सारखं करून ठेवा. नऊ वाजता सगळी जमली की कात्री तुमच्या मुलाच्या हातात द्या आणि ८ इंचांची खूण दाखवा.